पगच्या छातीचे तीन एक्स-रे

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडून ठाण्यात नोकरीला लागले, तेव्हा एक्स-रे वाचता आला की झालं, असं मला वाटायचं. तो नीट काढायचा कसा, याकडे माझं लक्षच नव्हतं.

घोडबंदर रोडच्या एक काकू पग जातीचा दोन वर्षांचा कुत्रा घेऊन आल्या. पाच दिवस खोकला, धाप, खाणं बंद. मी त्याला एका कुशीवर झोपवून एकच एक्स-रे काढला. छातीच्या पुढच्या भागात पांढरट डाग दिसला. न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक सुरू केलं. दोन दिवसांनी काकूंनी त्याला उचलूनच आणलं. आमच्या वरिष्ठ डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "बाकीचे दोन व्ह्यू, म्हणजे दुसऱ्या बाजूंनी काढलेले एक्स-रे, कुठे आहेत गं?"

कुशीवर झोपलेल्या कुत्र्याचं खालचं फुफ्फुस दबतं, त्यातली हवा कमी होते आणि तिथला आजार लपतो. म्हणून दोन्ही कुशींवर एकेक आणि वरून एक, असे तीन लागतातच. धाप लागलेल्याला मात्र उताणं करू नका. ऑक्सिजन लावून पोटावरच ठेवा. आणि बटण दाबायचं ते श्वास पूर्ण आत गेला की. नाहीतर निरोगी फुफ्फुसही पांढरट दिसतं.

नव्या एक्स-रेत डाव्या फुफ्फुसाचा पुढचा खंड, म्हणजे पुढचा भाग, फुगलेला होता आणि त्या पांढऱ्यात बारीक काळे ठिपके विखुरलेले, साबुदाण्याएवढे. ती अडकलेली हवा. फुफ्फुसाच्या खंडाला पीळ पडला होता! पीळ पडला की रक्त बाहेर नेणारी पातळ भिंतीची शीर आधी दाबली जाते, रक्त आत आणणारी धमनी ते ढकलतच राहते, खंड रक्ताने भरतो. आजार दुर्मीळ, पण तरुण पगमध्ये डावा पुढचा खंड आणि खोल छातीच्या मोठ्या जातींमध्ये उजवा मधला, हे पक्कं लक्षात ठेवा. सीटी स्कॅनमध्ये त्या खंडाची श्वासनलिका निमुळती होत मध्येच संपलेली दिसली. सर्जननी पीळ न उलगडता खंड काढला. उलगडला तर आत साचलेली विषारी द्रव्यं रक्तात जातात.

पग वाचला. पण ते दोन दिवस माझ्यामुळे वाया गेले, हे मी विसरलेले नाही.

या वाटेला यायचं असेल तर साडेपाच वर्षांच्या पदवीनंतर सर्जरी-रेडिओलॉजीत एमव्हीएससी ही पदव्युत्तर पदवी आहे. त्याआधी, इंटर्नशिपमध्येच, किरणांपासून वाचवणारा शिशाचा लेड एप्रन घालून टेबलाशी उभे राहा आणि श्वासाबरोबर बरगड्या वर कधी येतात ते बघत राहा. मला ती वेळ साधायला तीन महिने लागले.