महागडं सुगंधी क्रीम आणलं, पण फेस बसतोय? या चुका टाळा

ओळखीतल्या कुणी पहिल्यांदाच चांगल्यातलं शेव्हिंग क्रीम आणलं की आठवड्याभरात मला फोन येतो. "एवढे पैसे घालून डबी आणली, वास सुरेख आहे, पण फेस धरतच नाही. आमची जुनी ट्यूबच बरी होती." मी आधी विचारतो, "तुमच्याकडे पाणी कुठलं येतं?" समोरचा गडबडतो, कारण त्याला क्रीमबद्दल बोलायचं असतं. पण ब्रश, वाटी आणि पात्याने दाढी करायची तर निम्मं काम पाणीच करतं. क्रीम कितीही नामांकित असो, पाणी चुकलं की ते वाया जातं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पाणी न बघता क्रीमला दोष देणं

माझा मावसभाऊ सदाशिव पेठेतून वाघोलीच्या नव्या सोसायटीत राहायला गेला. डबी तीच, ब्रश तोच, हातही तोच. पण पहिल्याच सकाळी वाटीत फेसाऐवजी पांढुरकं, पातळ पाणी झालं आणि गालावर लावताच सुकायला लागलं. डबी खराब झाली असं वाटून त्याने आणखी क्रीम घातलं, तरी तेच. रविवारी आईकडे पेठेत आला तेव्हा डबी बरोबर घेऊन आला. तिथल्या नळाच्या पाण्यावर दोन मिनिटांत पहिल्यासारखा दाट फेस आला. दोष वाघोलीच्या टँकरच्या पाण्याचा होता.

कारण सोपं आहे. शेव्हिंग क्रीम म्हणजे मुळात पोटॅशियमचा मऊ साबण. स्टिअरिक आम्ल, खोबरेल तेलातली आम्लं, ग्लिसरीन आणि सुगंध. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की ते या साबणाला धरतात आणि त्याचा न विरघळणारा साका होतो. अंघोळीच्या बादलीला आतून जो चिकट पांढरट थर बसतो, तो हाच. जेवढा साबण साक्यात गेला, तेवढा फेसातून कमी झाला. पुणे शहराला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचं पाणी येतं. ते पावसाचं साठलेलं पाणी असल्याने बऱ्यापैकी मऊ असतं. बोअरिंगचं पाणी बेसॉल्टच्या भेगांमधून झिरपत आलेलं असतं, त्यामुळे ते जड असतं. उपनगरांतल्या अनेक सोसायट्यांत पालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत पडतं, म्हणून सोमवारी चांगला फेस येतो आणि गुरुवारी येत नाही.

तपासणी घरीच होते. दोन स्वच्छ बाटल्या घ्या. एकीत अर्धी बाटली नळाचं पाणी, दुसरीत तेवढंच पिण्याच्या आरओचं. दोन्हींत हरभऱ्याएवढं क्रीम टाकून पंधरा-वीस वेळा हलवा आणि पाच मिनिटं ठेवून द्या. एकीत फेस टिकला आणि दुसरीत पाणी दुधाळ होऊन फेस बसला, तर उत्तर मिळालं. कपड्यांची पावडर वापरून ही परीक्षा करू नका, ती जड पाण्यातही फेसते.

उपाय फार खर्चाचा नाही. अख्ख्या दाढीला फेसासाठी लागतं अर्धा कप पाणी. तेवढं आरओचं घ्या, कोमट करा, त्यातच ब्रश भिजवा. तोंड नळाच्या पाण्याने धुतलं तरी चालेल. आरओ नसेल तर पाणी चांगलं दहा मिनिटं उकळून गार होऊ द्या आणि वरवरचं ओतून घ्या. उकळल्याने जडपणाचा काही भाग तळाशी बसतो. नुसतं गीझरचं गरम पाणी घेऊन हे साधत नाही.

इथे तीन चुका हमखास बघितल्या आहेत. पहिली म्हणजे आरओच्या दुसऱ्या नळीतून निघणारं पाणी बादलीत साठवून तेच दाढीला वापरणं. पाणी वाचवण्याची वृत्ती चांगलीच आहे, ते फरशी पुसायला जरूर वापरा, पण गाळून मागे राहिलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. दुसरी, पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात आणि ते 'चांगलं' झालं असं धरून चालतात. तुरटीने पाणी नितळ होतं, मऊ होत नाही. तिसरी, फेसाच्या वाटीतच तुरटी बुडवणं. तुरटीतलं ॲल्युमिनियम साबणाला तसंच धरतं आणि बनलेला फेस डोळ्यांदेखत फुटतो. तुरटीची जागा दाढी झाल्यावर.

टूथपेस्टसारखं क्रीम लावून ब्रश फिरवणं

पाणी मऊ आहे, तरी फेस नीट होत नाही, तर बहुतेक वेळा पाणी कमी पडलेलं असतं. ट्यूबमधून दोन इंच पिळून घेण्याची सवय इथे नडते. डबीतलं घट्ट क्रीम एका दाढीला बदामाएवढं पुरतं, म्हणजे साधारण दीड ग्रॅम. दीडशे ग्रॅमची डबी असेल तर शंभर दाढ्या होतात. जास्त क्रीम घेऊन जाड लेप बनतो आणि पातं त्यात अडकतं.

मी कसं करतो ते सांगतो. ब्रश डुकराच्या केसांचा असेल तर अंघोळीआधी कोमट पाण्यात उभा ठेवतो. ते केस पाणी प्यायल्यावरच मऊ होतात, आणि नवा ब्रश वळणावर यायला पंधरा-वीस दाढ्या जातात, तोपर्यंत तो टोचतो, हे गृहीत धरा. सिंथेटिक ब्रश भिजवत ठेवायची गरज नाही, पण तो पाणी धरून ठेवत नाही, म्हणून वाटीत थोडं जास्त घालावं लागतं. उकळतं पाणी कुठल्याच ब्रशवर नको, मुळाशी लावलेला चिकटवा सैल होऊन केस गळतात.

मग ब्रश दोनदा झटकायचा. वाटीच्या तळाला बोटाने क्रीम चोपडायचं आणि ब्रश हलक्या हाताने गोल फिरवायला लागायचं. पहिल्या अर्ध्या मिनिटात जे दिसतं ते बांधलेल्या चक्क्यासारखं असतं, कोरडं, मंद, ब्रशला चिकटून बसणारं. बरेच जण इथेच थांबतात आणि तेच गालाला लावतात. थांबू नका. बोटं पाण्यात बुडवून पाच-सहा थेंब वाटीत शिंपडा आणि पुन्हा फिरवा. परत थेंब, परत फिरवा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला आवाज बदलतो. आधीची खरखर जाऊन ओलसर, गुळगुळीत घासल्याचा आवाज येतो. फेसाला तुकतुकी येते, ब्रश उचलला की टोक उभं राहतं आणि किंचित वाकतं. चक्क्याचं श्रीखंड झालं म्हणायचं. त्यापुढे आणखी पाणी गेलं तर ताकावर येतो तसा मोठ्या बुडबुड्यांचा फेस होतो. तो लगेच बसतो. असं झालं तर मुगाएवढं क्रीम घालून परत घोटा, टाकून देऊ नका.

माझे वडील पितळेच्या वाटीत फेस करत आणि वाटी आधी गरम पाण्याने विसळून घेत. त्यामागचं शहाणपण मला थंडीत कळतं. डिसेंबरच्या पहाटे गार वाटीत फेस घट्ट आणि निर्जीव होतो, ऊब मिळालेल्या वाटीत शेवटच्या हातापर्यंत कोमट राहतो. स्टीलची वाटी, जुना चहाचा मग, काहीही चालेल. आतून थोडी खरबरीत असली तर उत्तमच.

डबीवरचं न वाचणं

काही क्रीम ब्रशविना, नुसती हाताने चोळायची असतात. ती ब्रशने कितीही घोटली तरी फेसणार नाहीत. 'दाढीपूर्वी लावायचं' क्रीम वेगळंच असतं. प्रोरासो या इटालियन कंपनीचं ते तसंच डबीत मिळतं, आणि लोक तेच शेव्हिंग क्रीम समजून वाटीत घेतात. ऑनलाइन मागवताना तर चित्रात फरक कळत नाही, नाव पूर्ण वाचा.

परदेशी डबी घेताना आयातदाराचं नाव-पत्ता आणि छापील किंमत सांगणारं लेबल आहे का बघा. आपल्याकडे ते कायद्याने लागतं. मला एकदा अर्ध्या किमतीत एक डबी मिळाली होती. लेबल नव्हतं, वासही पहिल्याच दिवशी कडवट होता. पैसे गेलेच, वर गालावर चार दिवस पुरळ राहिलं. उघड्या झाकणाच्या चित्रात '१२ एम' असं असेल तर उघडल्यापासून बारा महिन्यांत ती संपवायची. ओला ब्रश थेट डबीत बुडवू नका. कोरड्या चमच्याच्या दांड्याने क्रीम काढा.

वासाकडून भलतीच अपेक्षा ठेवणं

लंडनच्या जुन्या दुकानांनी ही सुगंधी क्रीमं नावारूपाला आणली. ट्रूफिट अँड हिल १८०५ चं, टेलर ऑफ ओल्ड बाँड स्ट्रीट १८५४ चं, जॉर्ज ट्रंपर १८७५ चं. त्यांचं 'सँडलवुड' आपण घेतो आणि सहाणेवर उगाळलेल्या खोडाचा वास शोधतो. तो मिळत नाही, मग फसवलं गेल्यासारखं वाटतं. इंग्रजी पद्धतीच्या चंदन क्रीममध्ये बहुधा लॅव्हेंडर, जिरेनियम यांसारख्या वासांची मोठी जोड असते. तो वास स्वतंत्रपणे सुंदर आहे, पण देवघरातला नाही. घेण्याआधी दुकानात थोडं क्रीम मनगटावर ओल्या बोटाने चोळून बघा. डबीतला गार वास आणि पाण्यात उमललेला वास यांत बराच फरक असतो.

दुसरी तक्रार असते, "वास दिवसभर टिकत नाही." टिकणार नाही. हे धुऊन टाकायचं क्रीम आहे. त्याचा सुगंध त्या दहा मिनिटांसाठी आहे, वाफेबरोबर नाकाशी दरवळणारा, आणि मला तेवढ्यासाठीच तो हवा असतो. दिवसभर वास हवा असेल तर अत्तर लावा. मात्र चंदनाच्या क्रीमवर लिंबाचं तीव्र लोशन लावलं तर दोन्हींची मजा जाते. नंतर लावायचं ते बिनवासाचं ठेवा किंवा त्याच जातकुळीचं.

एप्रिल-मे महिन्यात बाथरूमच्या खिडकीत डबी ठेवू नका. उन्हाने वास उडतो आणि क्रीममधलं पाणी वेगळं होतं. शिवाय लिमोनीन, लिनॅलूल यांसारखे सुगंधी घटक हवा लागून बदलतात, आणि ती बदललेली द्रव्यं त्वचेला जास्त बाधतात.

आग झाली की सगळं क्रीमवर ढकलणं

इथे जरा आरशासमोर उभं राहून नीट बघावं लागतं. लाली फक्त मानेवर, गळ्याच्या घाटीजवळ, किंवा जिथे उलटा हात फिरवला तिथेच आहे? मग दोष पात्याचा, दाबाचा किंवा दिशेचा. मानेवरचे केस गालांसारखे सरळ खाली वाढत नाहीत, बऱ्याच जणांचे आडवे वळतात. बोटाने चाचपून दिशा बघा, आधी सुलट करा, पुन्हा फेस लावून मग आडवं. पहिल्या महिन्यात उलटी दाढी करूच नका. सेफ्टी रेझर त्वचेशी साधारण तीस अंशांत धरा आणि त्याच्या वजनानेच चालू द्या. पाच दाढ्यांनंतर पातं ओढायला लागलं तर बदला.

पण जिथे पातं फिरलंच नाही, गालाच्या हाडावर, कानाच्या पाळीजवळ, तिथेही खाज किंवा पुरळ असेल, तर संशय सुगंधावर घ्या. दाढी न करता फेस कोपराच्या आतल्या बाजूला लावा, पाच मिनिटांनी धुवा, असं तीन-चार दिवस करा. तिथेही लाल झालं तर ते क्रीम तुमचं नाही, ते कितीही आवडलं असलं तरी. बिनवासाच्या क्रीमवर या, आणि पुरळ राहिलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मेंथॉलवालं क्रीम गार-गार झोंबतं, ते वेगळं. ती ॲलर्जी नव्हे, पण नाजूक त्वचेला पेलत नाही.

नेमकं कारण कळण्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदला. नवं क्रीम, नवा रेझर, नवं पातं हे सगळं एकाच सोमवारी सुरू केलं की नेमकं काय बोचलं ते कळायला मार्ग उरत नाही. नवं क्रीम आणलं की आठवडाभर जुनंच पातं, जुनाच ब्रश ठेवा.

आणि अंघोळीनंतरच दाढी करा, किंवा निदान दोन-तीन मिनिटं ओला गरम टॉवेल तोंडावर ठेवा. कोरडा खुंट पाणी प्यायला की मऊ पडतो. पेठेतल्या जुन्या सलूनमध्ये वस्तरा उचलण्याआधी कारागीर कितीतरी वेळ नुसता ब्रशच फिरवत बसायचा, तो याचसाठी.

दाढी झाली की गार पाण्याने तोंड धुऊन ओली तुरटी फिरवा, अर्धं मिनिट थांबा, धुवा. जिथे चुरचुरतं तिथे आज हात जड पडला होता. ब्रश वाहत्या पाण्यात फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा, पिळू नका, झटका, आणि केस खाली करून हुकाला टांगा. जुलैमध्ये पुण्यात चार-चार दिवस ऊन पडत नाही, तेव्हा ब्रश बंद कपाटात ठेवला तर कुबट वास धरतो, आणि दुसऱ्या दिवशी चंदनाच्या क्रीमलाही तोच वास येतो. त्या दिवसांत तो बाथरूममधून काढून पंख्याच्या वाऱ्याला टांगा.