परदेशातील शिक्षकी नोकरीसाठी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट: इंदूरहून अर्ज कसा करावा

परदेशातील शाळेचे नियुक्तिपत्र हाती आले की बहुतेक शिक्षकांचे लक्ष पदवी, बी.एड. आणि व्हिसाची फी यांकडे लागते. गुन्हेगारी नोंद तपासणीचा कागद शेवटी बघू म्हणून बाजूला ठेवला जातो, आणि पुढे सगळी फाईल त्याच कागदासाठी अडून बसते. ज्याच्यावर कधी साधी तक्रारही झालेली नाही, त्यालाही हा कागद मिळवावाच लागतो. तो अडतो तो बहुधा गुन्ह्यामुळे नव्हे, तर नाव, पत्ता आणि तारखा एकमेकांशी न जुळल्यामुळे. इंदूरमध्ये राहणाऱ्या मराठी शिक्षकांना हे काम कोणत्या क्रमाने करावे लागते, ते पुढे दिले आहे. ग्वाल्हेरच्या वाचकांनाही तोच क्रम लागू पडतो, कारण दोन्ही शहरे भोपाळच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. वडोदऱ्याच्या वाचकांनी भोपाळच्या जागी अहमदाबाद समजावे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की तपासण्या दोन असतात आणि एकीचा कागद दुसरीला चालतोच असे नाही. पहिली तपासणी व्हिसा देणाऱ्या सरकारची असते, तर दुसरी शाळेची. मुलांमध्ये वावरणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाची पूर्वपीठिका तपासण्याचे बंधन शाळेवर असते. ब्रिटनमध्ये शाळा ‘डीबीएस’ या गुन्हेगारी नोंदी तपासणाऱ्या सरकारी संस्थेची वरच्या पातळीची तपासणी करून घेते, ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याचा मुलांसोबत काम करण्याचा वेगळा परवाना असतो (क्वीन्सलँडमध्ये त्याला ब्लू कार्ड म्हणतात), आणि न्यूझीलंडमध्ये 2014 च्या बालकविषयक कायद्याने अशी तपासणी सक्तीची केली आहे. या तपासण्यांना त्या त्या देशातील नोंदी दिसतात, इंदूरच्या पोलीस ठाण्यातील दिसत नाहीत. म्हणूनच भारतातील प्रमाणपत्र व्हिसा अधिकारीही मागतो आणि पुष्कळदा शाळाही मागते.

आधी राहण्याचा हिशेब मांडावा

अर्जाला हात लावण्यापूर्वी गेल्या दहा वर्षांत आपण कोणत्या देशात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होतो, हे पासपोर्टवरील शिक्के पाहून कागदावर उतरवावे. जुना पासपोर्ट रद्द झालेला असला तरी तोही कपाटातून काढावा, कारण स्मरणावर विसंबलेल्या तारखा सहसा महिना-दोन महिन्यांनी चुकतात.

हा हिशेब प्रत्येक देश वेगळ्या रीतीने करतो. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी परदेशातून अर्ज करणाऱ्या शिक्षकाला, वयाच्या अठराव्या वर्षानंतर आणि गेल्या दहा वर्षांत, ज्या ज्या देशात सलग किंवा एकूण मिळून 12 महिने किंवा त्याहून अधिक काळ काढला आहे, त्या प्रत्येक देशाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. सोबत पती किंवा पत्नी अवलंबित म्हणून जाणार असेल तर त्यांनाही ही अट लागते, आणि हे अनेकांना अर्ज भरताना प्रथमच कळते. ऑस्ट्रेलियातही दहा वर्षांत एकूण 12 महिने हेच माप आहे, मात्र वय सोळापासून मोजले जाते. कॅनडा अठराव्या वर्षानंतर सलग सहा महिने किंवा अधिक काळ जिथे राहिलो, ते देश विचारतो. समजा, एखादी शिक्षिका पतीच्या नोकरीमुळे तीन वेळा चार-चार महिने दुबईला राहून आली. ब्रिटनच्या हिशेबाने तिचे 12 महिने भरतात आणि संयुक्त अरब अमिरातीचे प्रमाणपत्र आवश्यक ठरते. कॅनडाच्या हिशेबाने मात्र सलग सहा महिने कुठेच होत नाहीत. त्यामुळे मैत्रिणीने कॅनडासाठी काय दिले होते, हे विचारून ब्रिटनची फाईल लावू नये.

पासपोर्टवरील नाव आणि पत्ता

यानंतर पासपोर्ट समोर ठेवून पदवी, बी.एड.ची गुणपत्रिका, आधार कार्ड आणि नियुक्तिपत्र या सर्वांवरील नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. आपल्याकडे ही अडचण जरा जास्तच असते. मराठी घरात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे सहज लिहिली जातात. मध्य प्रदेश बोर्डाच्या गुणपत्रिकेवर मात्र विद्यार्थ्याचे नाव व आडनाव एकत्र आणि वडिलांचे नाव वेगळ्या रकान्यात असते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या शिक्षिकांची पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असतो. परदेशी अधिकाऱ्याला ही रीत ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला त्या दोन निरनिराळ्या व्यक्ती दिसतात, आणि गुन्हेगारी नोंदीच्या तपासणीत दुसरे नाव म्हणजे दडवलेले नाव असा संशय येऊ शकतो. म्हणून विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच तयार ठेवावे, आणि परदेशी अर्जात ‘पूर्वी वापरलेली इतर नावे’ हा रकाना कधीही रिकामा सोडू नये.

पत्त्याची गोष्टही तशीच आहे. पासपोर्टवर लोकमान्य नगरचे वडिलोपार्जित घर आणि प्रत्यक्ष राहणे विजय नगरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, अशी स्थिती असेल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा लागेल. परदेशी जाण्यास पुरेसा अवधी असेल तर आधी पासपोर्टवरील पत्ता बदलून घ्यावा आणि मग प्रमाणपत्राचा अर्ज करावा, असे माझे मत आहे. वेळ थोडा जास्त जातो, परंतु पुढे प्रत्येक टेबलावर खुलासा करीत बसावे लागत नाही.

अर्ज आणि भेटीची वेळ

परदेशी व्हिसासाठीचे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे बोलण्यात ज्याला पीसीसी म्हणतात ते, सामान्यतः पासपोर्ट कार्यालय देते. मध्य प्रदेश पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून मिळणारे चरित्र सत्यापन ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मुख्यतः देशांतर्गत नोकरीसाठी वापरली जाते. या दोहोंची गल्लत केल्यास फी आणि आठवडे दोन्ही वाया जातात.

पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर खाते उघडून पीसीसीचा पर्याय निवडावा, अर्ज भरावा, 500 रुपये फी ऑनलाइन भरावी आणि भेटीची वेळ घ्यावी. संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो की नाही हे पाहून घ्यावे, कारण सरकारी वाटणारी नकली संकेतस्थळे जादा पैसे उकळतात. सप्टेंबर 2022 पासून टपाल कार्यालयांतील पासपोर्ट सेवा केंद्रांतही पीसीसीचे अर्ज घेतले जातात, तेव्हा मुख्य केंद्रात लवकरची वेळ मिळत नसेल तर तिथेही पाहावे.

अर्जात देशाचे नाव विचारले जाते आणि ते प्रमाणपत्रावर छापले जाते. म्हणजे ओमानसाठी काढलेले प्रमाणपत्र ब्रिटनच्या अर्जाला जोडता येत नाही. दोन देशांतील शाळांशी बोलणी चालू असतील तर नोकरी नक्की झाल्यावरच अर्ज करावा. पर्यटन व्हिसासाठी हे प्रमाणपत्र दिले जात नाही. नोकरी, दीर्घकालीन वास्तव्य किंवा स्थलांतर हेच त्याचे प्रयोजन असते, म्हणून शाळेचे नियुक्तिपत्र सोबत न्यावे. त्याखेरीज मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन व शेवटच्या दोन पानांच्या स्वतः सही केलेल्या प्रती आणि पत्त्याचा पुरावा लागतो. दहावी उत्तीर्ण होण्यापूर्वी काढलेल्या जुन्या पासपोर्टवर कधी कधी ‘ईसीआर’चा, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी परवानगी आवश्यक असल्याचा, शिक्का राहून गेलेला असतो. आखाती देशांत जाणाऱ्यांनी तो आधी काढून घ्यावा, नाहीतर नोकरीच्या कराराच्या साक्षांकित प्रती आणि आणखी कागद मागितले जातात.

पोलिसांची चौकशी

पासपोर्टसाठी अलीकडेच पोलीस पडताळणी झालेली असेल आणि पत्ता बदललेला नसेल, तर काही वेळा प्रमाणपत्र लवकर मिळते. एरवी अर्ज पोलिसांकडे जातो. इंदूरमध्ये डिसेंबर 2021 पासून पोलीस आयुक्तालय आहे, पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते राहत्या भागाचे ठाणेच. ठाण्यातून फोन आला की आधार, वीजबिल किंवा भाडेकरार आणि ओळखीच्या दोन शेजाऱ्यांची नावे तयार असावीत. घरमालकाने भाडेकरूची माहिती ठाण्यात आधीच दिलेली असेल तर काम सुकर होते. या चौकशीसाठी पोलिसांना कोणतीही फी द्यायची नसते. दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत घर बंद करून गावी जाण्याच्या बेतात अर्ज करू नये. ‘पत्त्यावर आढळले नाही’ असा शेरा गेला की तो दुरुस्त करण्यात फार वेळ मोडतो.

नोंद असेल तर

या भागात घाई करू नये. ज्यांच्यावर कधी काही प्रकरण झाले होते, ती मंडळी दोन टोकांना जातात: काही जण घाबरून नोकरीच सोडून देतात, तर काही जण ‘ते तर मिटले होते’ म्हणून अर्जात ‘नाही’ लिहून मोकळे होतात. दुसरे टोक अधिक धोक्याचे आहे. पोलीस ठाण्यांच्या नोंदी आता सीसीटीएनएस या संगणकीय जाळ्यात असल्यामुळे, दुसऱ्या शहरातील जुने प्रकरणही समोर येऊ शकते.

परदेशी अर्जातला प्रश्न शब्दशः वाचावा. शिक्षा झाली आहे का, आरोप ठेवला गेला होता का आणि अटक झाली होती का, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. शेजाऱ्यांच्या भांडणात दोन्ही बाजूंना ठाण्यात नेऊन शांतताभंगाची प्रतिबंधक कारवाई झालेली असते, जी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 151 खाली होत असे. ती शिक्षा नव्हे, पण अटक होती का, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यामुळे बदलते. निर्दोष सुटका, तडजोड किंवा गुन्हा रद्द झाल्याचा आदेश असेल तर न्यायालयातून त्याची प्रमाणित नक्कल काढावी, तिचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे आणि अर्जासोबत एका पानाचा साधा, तारीखवार खुलासा जोडावा. खटला अद्याप चालू असेल तर 1967 च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्टही अडवला जाऊ शकतो. अशा वेळी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते आणि तिथे एजंट नव्हे, वकील हवा.

माहिती दडवल्याचा परिणाम मूळ प्रकरणापेक्षा जड असतो. खोट्या माहितीवरून ब्रिटन 10 वर्षांपर्यंत, कॅनडा 5 वर्षे आणि ऑस्ट्रेलिया 3 वर्षे दार बंद ठेवू शकते.

अपॉस्टिल की दूतावासाचा शिक्का

प्रमाणपत्र मिळाल्यावर ते प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करू नये, कारण त्यावर पुढे शिक्के बसायचे असू शकतात. अपॉस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, जो हेग अपॉस्टिल करारातील देश आपसांत मान्य करतात. भारत 2005 पासून या कराराचा सदस्य आहे. ओमान, दक्षिण कोरिया, जपान यांसारख्या सदस्य देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल पुरते. सौदी अरेबियाही डिसेंबर 2022 पासून या गटात आहे. करारात नसलेल्या देशांसाठी मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. अपॉस्टिलची सरकारी फी प्रत्येक कागदामागे 50 रुपये आहे आणि कागद स्वीकारणाऱ्या अधिकृत संस्थेचा आकार वेगळा. काही देशांना यातले काहीच नको असते, म्हणून शाळेला लेखी विचारल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत.

वेळेचे गणित उलट्या दिशेने मांडावे. भारतीय प्रमाणपत्रावर मुदत छापलेली नसते, ती समोरचा देश ठरवतो. कॅनडा सध्याच्या वास्तव्याच्या देशाचे प्रमाणपत्र अर्जाच्या दिवशी सहा महिन्यांहून जुने चालवून घेत नाही, तर ऑस्ट्रेलिया बारा महिन्यांपर्यंतचे स्वीकारते. शाळेचे सत्र सप्टेंबरात सुरू होणार असेल तर जानेवारीत काढलेले प्रमाणपत्र व्हिसा अर्जाच्या वेळी शिळे झालेले असू शकते.

पूर्वीच्या देशांची प्रमाणपत्रे

भारताबाहेर राहिलेल्यांना खरा वेळ इथे लागतो. ब्रिटनमध्ये राहिलेल्यांना ‘एक्रो’ या पोलीस कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. अमेरिकेत राहिलेल्यांना एफबीआयकडे बोटांचे ठसे पाठवावे लागतात. एखाद्या देशातून प्रमाणपत्र मिळणे खरोखरच अशक्य असेल, तर केलेले अर्ज, पाठवलेले ईमेल आणि आलेली उत्तरे तारखेनिशी जपून ठेवावीत. ब्रिटनमध्ये अशा प्रयत्नांच्या पुराव्यासह लेखी स्पष्टीकरण विचारात घेतले जाते.

याच काळात शेवटच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशीही बोलून घ्यावे. पोलिसांच्या कागदावर शाळेतील विभागीय चौकशीची नोंद नसते, म्हणून परदेशी शाळा मुख्याध्यापकांना थेट ईमेल करून शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई झाली होती का आणि मुलांच्या सुरक्षिततेबाबत कधी तक्रार आली होती का, असे विचारतात. मुख्याध्यापकांचा खाजगी पत्ता देऊ नये, शाळेच्या नावाचा ईमेल द्यावा. खाजगी पत्त्यावरून आलेले उत्तर पुष्कळ शाळा ग्राह्य धरत नाहीत.

जे शिक्षक सध्याच परदेशात आहेत, त्यांनी तो देश सोडण्यापूर्वीच तिथले प्रमाणपत्र काढून घ्यावे. निवासी ओळखपत्र, तिथला मोबाईल क्रमांक आणि बँक खाते चालू असेपर्यंत जे काम घरबसल्या होते, तेच इंदूरला परतल्यावर बोटांचे ठसे, दूतावास आणि कुरिअर यांच्या फेऱ्यांत अडकते. ते प्रमाणपत्र पुढच्या देशाच्या मुदतीत बसले नाही, तरी त्याची प्रत आणि अर्ज क्रमांक जवळ असल्यास नव्याने अर्ज करणे बरेच सोपे जाते.