चितळाचं शिंग गळलं की थंडीवर ढकलू नका, आणखी या चुका टाळा

दर डिसेंबरात कोणी ना कोणी मोबाईलवर फोटो दाखवते, "दादा, चितळाचं एक शिंग गायब, थंडीनं गळलं वाटते." अरे बापा, चितळाचं शिंग वर्षाच्या कोणत्याही महिन्यात गळते, एक आज गळलं तर दुसरं मागून. सांबराचं थोडं ठरलेलं असते, हिवाळ्यात माज, उन्हाळ्याच्या तोंडाशी शिंग गळते अन् पावसाळ्यात मखमली शिंग, म्हणजे मऊ केसाळ कातडीखाली वाढणारं नवं शिंग.

हे थंडीचं खूळ अमेरिकेतले व्हिडिओ पाहून येते. तिकडं बर्फाखाली चारा दबते, व्हाइटटेल नावाच्या तिकडच्या हरणाचा नर माजात आधीच वाळलेला असते, मग वसंतात चारा आला की शरीर आधी अंगाची झीज भरून काढते, उरलं तर शिंगाला, म्हणून कडक हिवाळ्यानंतर शिंगं बारीक येतात. पण तिथंही शिंग गळते ते दिवस लहान-मोठा होण्यावर, गारठ्यानं नाही. आपल्याकडं 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 वर गेला, तरी बांधावर गवत होतंच ना. आपल्या जनावराची खरी परीक्षा मे महिन्यात.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक, दाणा टाकणं. आमच्या शेजारच्या एकानं थंडीत कीव येऊन नाल्याकाठी अर्धं पोतं गहू ओतला, मी जागलीवर होतो, मले पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मादी पोट फुगून पडलेली, दुपारपर्यंत गेली. गाय धानाच्या पोत्यात तोंड घालते तेव्हा काय होते हे त्यालेच माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, तेच इथं. रवंथ करणाऱ्याच्या पोटातले जंतू पाला-गवताले सरावलेले असतात, एकदम दाणा गेला की आम्ल होते अन् जनावर बसते. मी तर पोळीचा तुकडाही टाकत नाही. झटपट पुण्य पाहिजे असन तर पाणवठ्यातला गाळ काढा, पण त्याले घाम लागते.

मखमल सोलून रक्त दिसलं की जखम समजू नका, शिंग पक्कं होऊन राहिलं. खरंच जखमी असलं तर वन विभागाचा 1926 हा फोन नंबर लावा, दोरी घेऊन धावू नका.

रोही (नीलगाय) अन् काळविटाचं शिंग गळत नाही, तुटलं तर तुटलं.

अन् गळलेलं शिंग घरी आणू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात अडकाल हे तर आहेच, पण साळिंदर ते कुरतडते, हरणंही चावतात, त्यातलं कॅल्शियम त्यांच्याच कामाचं. आमच्या नाल्यातलं एक शिंग मी तीन वर्षं पाहिलं, शेवटी बोटभर उरलं होतं.