ट्रॅक्टरची बॅटरी वारंवार उतरत असेल तर दोष कसा शोधावा

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात सकाळी सेल्फ मारल्यावर ट्रॅक्टरने नुसता ‘टक’ असा आवाज केला, की बरेच मालक दुपारपर्यंत नवी बॅटरी आणून बसवतात; महिनाभरात तीही उतरते आणि मग दुकानदाराशी वाद सुरू होतो. विहिरीवरची टाकी भरत नसेल तर आपण लगेच टाकी बदलत नाही, आधी मोटार आणि पाइप पाहतो. इथेही तोच क्रम ठेवावा, आणि त्यासाठी काहीशे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर पुरेसा आहे.

सुरुवात मात्र बॅटरीपासूनच करावी, कारण उतरलेल्या बॅटरीवर घेतलेली पुढची सगळी मापे फसवी निघतात. ती बाहेरून पूर्ण चार्ज करून रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी मोजावी. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून थोडे अधिक दिसल्यास ती भरलेली आहे, १२.२ च्या आसपास असल्यास निम्मी रिकामी आहे आणि १२ च्या खाली गेल्यास ती चार्ज धरून ठेवत नाही असे समजावे. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरीवरचा संशय बळावतो. पारा ४५ अंशांकडे जातो त्या एप्रिल-मे महिन्यांत खानदेशात बॅटरीतील पाणी झपाट्याने आटते आणि प्लेटा उघड्या पडतात, म्हणून उन्हाळ्यात दर पंधरवड्याला झाकणे उघडून पातळी पाहावी. पाणी डिस्टिल्डच घालावे; बोअरच्या पाण्यातील क्षार प्लेटांचे कायमचे नुकसान करतात.

बॅटरी ठीक निघाल्यावर इंजिन सुरू करून मध्यम वेगावर ठेवावे आणि बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर पुन्हा मोजावे. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा आणि दिवे लावल्यावर तो थोडाच खाली यावा. तो १२.५ च्या आसपास राहून हळूहळू घटत असेल तर चार्जिंग होत नाही. उलट १५ च्या वर गेला तर चार्जिंगचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर, ज्याला आपल्याकडे अजूनही ‘कटआउट’ म्हणतात, बिघडला आहे. अशा वेळी बॅटरी तापते, ॲसिडचा उग्र वास येतो आणि बल्ब वरचेवर उडतात.

चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून ‘अल्टरनेटर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) चालतो का’ हे पाहण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे, ती कृपया कायमची सोडावी. वायर सुटताच व्होल्टेज एकदम उसळते आणि त्यात अल्टरनेटरचे डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग), रेग्युलेटर व नव्या ट्रॅक्टरांतील इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

चार्जिंग कमी दिसल्यास इंजिन बंद करून अल्टरनेटर फिरवणारा पट्टा पाहावा. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. चकाकणारा, तडे गेलेला किंवा तेल लागलेला पट्टा बदलावा.

यानंतरची तपासणी सर्वांत महत्त्वाची असूनही बहुधा तीच राहून जाते. इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना, हात व वायरी पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवून, मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर ठेवावी. इथे ०.२ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर वायर ठीक आहे, ०.५ च्या पुढे गेला तर वाटेतला एखादा जोड गंजलेला किंवा सैल आहे. मग अल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामध्ये मोजावे, तिथेही ०.२ पेक्षा अधिक नसावे. आमच्या ट्रॅक्टरवर अल्टरनेटरपाशी १४.३ आणि बॅटरीपाशी १२.९ व्होल्ट मिळत होते. पॉझिटिव्ह बाजूला ०.२ गेले होते, तर निगेटिव्ह म्हणजे अर्थिंगच्या बाजूला तब्बल १.२. अर्थिंगची पट्टी चेसिसला जोडणारा बोल्ट वाळलेल्या काळ्या मातीच्या थराखाली दडलेला होता. तो खोलल्यावर वॉशरखाली हिरवट भुकटी आणि जुन्या रंगाचा पापुद्रा निघाला. पॉलिश पेपरने धातू उजळ होईपर्यंत घासून, बोल्ट घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावले आणि बॅटरीवर १४.१ व्होल्ट मिळू लागले. त्याआधी त्याच ट्रॅक्टरवर दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या.

वायरी निर्दोष असतील तर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा पाहावा. चावी फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. अनेक अल्टरनेटरांना वीज तयार करू लागण्यासाठी लागणारा सुरुवातीचा थोडा प्रवाह याच दिव्यातून मिळतो, त्यामुळे चावी फिरवूनही तो लागत नसेल तर उडालेला बल्ब किंवा तुटलेली बारीक वायर हेच चार्जिंग बंद पडण्याचे कारण असू शकते. इंजिन चालू असताना दिवा मंद जळत राहिला तर डायोड किंवा ब्रश तपासून घ्यावेत.

जादा दिव्यांचा हिशेबही करावा. ५५ वॅटचे चार हॅलोजन सुमारे १८ अँपिअर खातात, आणि रात्री ट्रॉली भरताना इंजिन मंद गतीवर असेल तर अल्टरनेटर तेवढे देईलच असे नाही.

पट्ट्यावरचा अल्टरनेटर नसलेल्या, इंजिनाच्या आतच स्टेटर (वीज तयार करणारी स्थिर गुंडाळी) असलेल्या लहान ऑफ-रोड गाड्यांत स्टेटरच्या तीन वायरींपैकी प्रत्येक जोडीत एसी व्होल्टेज जवळजवळ सारखे असावे आणि स्टेटरच्या वायरींचा प्लग सोडवल्यावर त्यांपैकी कोणत्याही वायरचा इंजिनाच्या अंगाशी संपर्क नसावा. हे दोन्ही ठीक असेल, वायरिंगही ठीक असेल आणि तरीही बॅटरी भरत नसेल, तर रेग्युलेटर बदलावा लागतो.

चार्जिंग पुरेसे असूनही बॅटरी रात्रीतून उतरत असेल तर चावी बंद ठेवून निगेटिव्ह वायर काढावी आणि मीटर १० अँपिअरवर लावून वायर व टर्मिनल यांच्यामध्ये जोडावा. या अवस्थेत सेल्फ अजिबात मारू नये. ०.०५ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह दिसला तर एकेक फ्यूज काढून पाहावा. सर्व फ्यूज काढूनही प्रवाह कायम राहिला तर निगेटिव्ह वायर सुटी असतानाच अल्टरनेटरची जाड वायर सोडवून, तिचे टोक कापडात गुंडाळून पुन्हा मोजावे. आता आकडा शून्यावर आला तर गळती डायोडमधून होत आहे आणि अल्टरनेटर उतरवून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावा लागेल. जाताना ही सगळी मापे कागदावर लिहून सोबत न्यावीत.