अँकर-चेनच्या भागांची नावं बडोद्यात बसून कशी शिकायची

जहाजावर अधिकारी व्हायच्या तोंडी परीक्षेची, म्हणजे ओरलची, तयारी करणारी आपल्याकडची पोरं अँकरचे पार्ट नुसते घोकत बसतात आणि समोरच्यानं मधलंच एखादं नाव विचारलं की गाडी अडते. घोकू नका. चेन जशी जाते तसं तिच्या मागं मागं जा, अँकरपासून थेट चेन साठवायच्या लॉकरपर्यंत.

बडोद्याला समुद्र कुठला, तेव्हा इथल्या मांडवीच्या बाजारातून सुतळी आणा. चेनची लांबी शॅकलमधे मोजतात, एक शॅकल म्हणजे 15 फॅदम, साधारण 27.5 मीटर, म्हणून दर 27.5 सेंटीमीटरवर लाल दोरा बांधायचा, 11 शॅकलची सुतळी तीन मीटरच्या आसपास होते, झोपाळ्याखालून आरामात पसरते. एका टोकाला अँकर काढा: दांडा तो शँक, खालचा जाड भाग क्राऊन, जमिनीत रुततात ते फ्लूक. मग अँकर चेनला जोडणारी कडी, ती अँकर शॅकल, मग स्विव्हल, गोल फिरणारा सांधा, म्हणजे चेनला पीळ बसत नाही.

लाल दोरे म्हणजे जॉइनिंग शॅकल, चेनचे दोन तुकडे जोडणारी सुटी होणारी कडी, आजकाल बहुतेक केंटर नावाच्या प्रकारची. हा नीट समजून घ्या, इथंच जास्त विचारतात. दोन अर्धे भाग, मधे स्टड म्हणजे कडीतला आडवा दांडा, आणि त्यातून तिरकी जाणारी टेपर, म्हणजे निमुळती, पिन, पिनच्या जाड टोकावर शिशाची गोळी ठोकून भोक बंद करतात. उघडताना पंच बारीक टोकाकडून मारायचा, पिन शिशाला ढकलत बाहेर येते, मग स्टड काढा की दोन्ही भाग सरकून सुटतात. परत बसवताना जुनं शिसं खरवडून काढायचं, नाहीतर नवीन गोळी धरत नाही आणि पिन कधी निघून गेली कळायचंही नाही!

कितवा शॅकल ते ओळखायला केंटर लाल रंगवतात. तिसरा असेल तर दोन्ही बाजूंच्या तिसऱ्या कडीच्या स्टडला वायर गुंडाळून ती कडी पांढरी करतात, रंग घासून गेला तरी वायर राहते. जहाजागणिक थोडा फरक असतो.

पुढं हॉज पाईप, त्यातून चेन डेकवर येते. मग चेन अडवून धरणारा बो स्टॉपर, मग विंडलासची, म्हणजे चेन ओढायच्या यंत्राची, जिप्सी हे चाक, तिच्या खाचांत कड्या बसतात. अँकरवर उभं असताना ताण स्टॉपरनं घ्यायचा, विंडलासनं नाही, गियर तर काढलेलाच असतो. विंडलास बनवतात तोच अँकर आणि 82.5 मीटर म्हणजे 3 शॅकल लटकती चेन मिनिटाला 9 मीटरनं उचलायच्या हिशोबानं, त्यामुळं खोल पाण्यात भरमसाट चेन सोडणाऱ्याला वर घेताना घाम फुटतो.

जिप्सीवरून खाली स्पर्लिंग पाईप, खाली चेन लॉकर, आणि शेवटची कडी लॉकरमधे अडकवलेली, ती बिटर एंड. तिची पिन लॉकरच्या बाहेरून काढता येते, कारण चेन अख्खी सोडून पळायची वेळ आली तर आत उतरणार कोण? जहाजावर चढलात की ही पिन पहिल्यांदा शोधा, आणि ती गंजून चिकटलेली नाही ना तेही बघा.