आबाजींना रात्री झोप येत नाही? आधी बाजेवरचा वेळ कमी करा

आमच्याकडे साडेसातला जेवणं झाली की आठला आबाजी बाजेवर, मग रात्री दोनला खोकत उठणार आणि सकाळी चहा पिता पिता सांगणार, "रातभर डोळ्याले डोळा नाही लागला बापा." गोळी मागतात, पण म्हातारपणी झोपेच्या गोळीनं तोल जाऊन पडायची भीती असते म्हणून आधी हे करून बघा, हा सीबीटी-आयचा, म्हणजे सवयी अन् विचार बदलून झोप सुधारायच्या उपचाराचा भाग आहे, आणि २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं पण गोळीच्या आधी सीबीटी-आय करा म्हणून सांगितलं.

पहिला आठवडा फक्त लिहायचं. नातवाच्या जुन्या वहीत रोज सकाळी अंदाजे टाका: कधी बाजेवर पडले, कधी झोप लागली, किती वेळ जागे, कधी उठले. रात्री घड्याळ बघत बसायचं नाही.

आता हिशोब. आबाजी आठ ते पाच, नऊ तास बाजेवर, झोप निघाली सहा तास. त्यात अर्धा तास मिळवा, म्हणजे साडेसहा तास. उठायची वेळ पक्की पाच, मग पडायचं साडेदहाला. झोप कितीही कमी निघाली तरी सहा तासांच्या खाली जाऊ नका.

खरी पंचाईत इथंच आहे, साडेदहापर्यंत करायचं काय? सामुदायिक प्रार्थनेला पाठवा, नंतर ओसरीत खुर्चीवर बसवून शेंगा फोडायला द्या, गप्पा मारा, फक्त बाजेवर टेकू देऊ नका. पहिले चार-पाच दिवस चिडचिड करतील, दिवसा पेंगतील, त्या दिवसांत गाडी चालवू देऊ नका. दुपारची डुलकी अर्धा तास, तीनच्या आधी. चार नंतर चहा बंद (यावर घरात भांडण होणारच).

रात्री वीसेक मिनिटं झोप नाही आली तर उठून खुर्चीत बसायचं, डोळे जड झाले की परत बाज. टॉर्च अन् चप्पल हाताशी ठेवा, अंगणात साप-विंचू असतात.

आठवडाभर झोप सलग लागली तर पंधरा मिनिटं आधी पडू द्या, मग पुढच्या आठवड्यात परत पंधरा.

जोरात घोरून मध्येच श्वास अडकत असेल, फिट येत असेल, किंवा गोळी आधीपासून चालू असेल तर हे डॉक्टरला विचारूनच करा, गोळी एकदम बंद करू नका.

आमचे आबाजी सध्या सव्वादहावर आहेत.