चवीचा डीकॅफ चहा कसा निवडावा

रात्री नऊला चहा घेतला की दोन वाजेपर्यंत मी टक्क जागी. शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायलाच साधारण ५ तास लागतात, त्यामुळे दोष झोपेचा नव्हता. डीकॅफकडे, म्हणजे कॅफिन काढून टाकलेल्या चहाकडे, वळले आणि पुढची दोन वर्षं रंगीत गरम पाणी प्यायले. तुमची ती दोन वर्षं वाचावीत, एवढ्यासाठी हे.

आधी एक घरगुती उपाय डोक्यातून काढून टाका: साधी पत्ती अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात ठेवायची, ते पाणी ओतून द्यायचं, की झाला म्हणे डीकॅफ! अर्ध्या मिनिटात कॅफिनचा थोडासाच भाग उतरतो, बाकीचं पत्तीतच राहतं. वाया जातो तो वास. मी हे महिनाभर केलं. चहाही गेला आणि झोपही.

कॅफिन अजिबात नको असेल तर रूइबॉस (दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाची पत्ती) किंवा पुदिना घ्या. ती मुळात चहाची झाडंच नव्हेत. डीकॅफच्या कपात काही मिलिग्रॅम कॅफिन उरतंच. साध्या काळ्या चहात ते ४०-५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं.

आता खरी मेख. कॅफिन काढलं कशाने, हे पाकिटावर शोधा. मी फसले ती ‘नैसर्गिकरीत्या डीकॅफ’ या शब्दांना. पाकिटावर हिरवं पान, आत पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा वास. या गोड शब्दांमागे बहुतेक वेळा इथाइल अ‍ॅसिटेट असतं. ते पिकल्या फळांत आढळतं, म्हणून ‘नैसर्गिक’. नखांचं पॉलिश काढायच्या द्रावणातही तेच असतं, हे मात्र कुणी छापत नाही. त्यात अपायकारक काही नाही. पण कॅफिनबरोबर ते पत्तीतला चवीचा ऐवजही ओढून नेतं आणि कधी कधी आपला वास मागे ठेवतं.

दुसरी रीत कार्बन डायऑक्साइडची. ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाबाखाली हा वायू धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही. त्या अवस्थेत तो ओलसर पत्तीतून कॅफिन उचलतो आणि बाकीचं बरंचसं जागच्या जागी सोडतो. पाकिटावर ‘कार्बन डायऑक्साइड प्रक्रिया’ लिहिलेलं दिसलं की घ्या. पद्धत लिहिलेलीच नसेल तर पाकीट परत फळीवर. यात मी तडजोड करत नाही.

तरीही काहीतरी कमी लागेल, कारण कॅफिन स्वतः कडू असतं आणि चहाची ती जिभेला जाग आणणारी चव काही अंशी त्याचीच. बघायचं असेल तर कडक कोरा चहा फ्रिजमध्ये गार करा. साधा चहा गढुळतो, कारण कॅफिन आणि चहातली तुरट द्रव्यं एकमेकांना धरून बसतात. डीकॅफ त्या मानाने नितळ राहतो. म्हणून मुळातच दणकट चहा निवडा, आसाम किंवा श्रीलंकेचा. दार्जिलिंगची पहिल्या तोडीची नाजूक पत्ती डीकॅफ करून विकतात, ती का, हे मला आजवर कळलेलं नाही.

बर्गमॉटचा (संत्र्याच्या जातीच्या एका सुवासिक फळाचा) वास लावलेला चहा पहिल्या खेपेला टाळा. त्या वासाखाली पत्ती कितीही फिकी असली तरी खपून जाते.

करताना पत्ती दीडपट घ्या, पाणी खळखळतं, वेळ ४-५ मिनिटं. चहा फिका लागतो म्हणून दहा मिनिटं मुरत ठेवू नका. चव वाढत नाही, तुरटपणा वाढतो.

पाकीट लहान घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. या पत्तीत वास मुळातच कमी उरलेला असतो, तो उडायला वेळ लागत नाही.